टीव्हीवर उतार कळत नाही

“आवाज जरा वाढवा ना, भावोजी. दगड बर्फावरून घासत जातो, तो आवाजच ऐकण्यासारखा असतो.”

भावोजींनी लगेच रिमोट दाबला. मास्तरांना हायसं वाटलं. एवढ्या सहज ऐकतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

टीव्हीवर कर्लिंगचा सामना चालू होता. एकीने गुडघा टेकून दगड सोडला. दोघी त्याच्यापुढे झाडू घासत धावल्या.

“यालाही पदक मिळतं?” भावोजी म्हणाले. “मग आमच्या ऑफिसातल्या झाडूवालीचं काय चुकलं?”

“घासलं की बर्फ किंचित वितळतो, दगड लांब जातो. दगडाला हात लावायचा नाही. फक्त वाट करून द्यायची.”

“झाला तास सुरू. मास्तर ते मास्तरच!”

मास्तर हसले. ते शाळेत विज्ञान शिकवत. हिवाळी खेळांतलं त्यांना परवापरवापर्यंत ओ की ठो कळत नव्हतं. आमच्याकडे हे चॅनेल दिसत नाही, असं सांगून ते दर शनिवारी दुपारी बहिणीच्या घरी येऊन बसू लागले होते, ते आजचं येणं कुणाला खुपू नये म्हणून.

आज ताई हे घर सोडणार होती. गेल्या वर्षी तिचा हात मोडला तेव्हा तिने सगळ्यांना मोरीत पाय घसरल्याचं सांगितलं होतं. या वर्षी बरगडी मोडली तेव्हा भावाला खरं सांगितलं. डोकं दुखतंय म्हणून ती आतल्या खोलीत पडून राहणार होती आणि खेळ रंगला की मागच्या दाराने निघणार होती. मागच्या गल्लीत मास्तरांची बायको गाडी घेऊन थांबली होती. फोन कुणीच कुणाला करायचा नव्हता. मास्तरांचं काम एकच, भावोजींना खुर्चीवरून उठू द्यायचं नाही.

“ताई दिसली नाही,” त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं.

“डोकं दुखतंय म्हणाली. पडलीय.”

सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. एकच अडचण होती. भावोजींचा धाकटा भाऊ नेमका आज आला होता. मोरी तुंबली होती म्हणे. आतून बादल्या ओतल्याचा आणि फरशी घासल्याचा आवाज येत होता. हा इथून हलल्याशिवाय ताई निघणार कशी?

भावोजींनी चॅनेल बदललं. एक मुलगी डोंगरावरून स्कीवर सुसाट खाली येत होती.

“हे बरं. यात निदान कुणी पडतं तरी.”

“टीव्हीवर यात मजा नाही,” मास्तर म्हणाले. त्यांचं हे मत मात्र पाठ केलेलं नव्हतं. “कॅमेरा उतार सपाट करून टाकतो. तिथे उभं राहिलं तर पोटात गोळा येईल. घरी बसलेल्याला वाटतं, पोरगी आरामात घसरतेय.”

“पडली की कळतंच की.”

“पडल्यावर कळून काय उपयोग?”

भावोजींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा टीव्हीकडे.

धाकटा भाऊ आतल्या दारात येऊन उभा राहिला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. “दादा, झालं. निघतो मी मागून.”

“जमेल ना एकट्याला?”

“बघतो.”

“मी येऊ का मदतीला?” मास्तर सवयीने बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

“तुम्ही बसा हो!” भावोजी म्हणाले. “पाहुण्याला कसली मोरीची कामं?”

मास्तर बसले. थोड्या वेळाने मागच्या दाराची कडी वाजली. बराच वेळ काहीतरी खुडबुड झाली, मग धाकट्याची गाडी सुरू होऊन दूर गेली. ब्याद गेली. आता ताई निघेल.

ते मोठमोठ्याने बोलू लागले. बर्फावर नाचणाऱ्यांना गुण देतात तो खेळच नव्हे, तिथे पडूनही हसत उठावं लागतं, असं त्यांनी ठासून सांगितलं. भावोजींनी वाद घातला. एरवी दहा वेळा उठणारा हा माणूस आज खुर्चीला चिकटला होता. मास्तरांनी टाळीसुद्धा दिली.

स्पर्धा संपली. “आणखी एक बघू,” भावोजी म्हणाले.

“नको. बायको वाट बघत असेल. ताईला झोपू दे, उठवू नका.”

“नाही उठवत.”

रस्त्याला लागल्यावर मास्तर जवळजवळ धावतच वळसा घालून मागच्या गल्लीत पोहोचले. गाडी तिथेच होती. ताई मागच्या सीटवर आडवी झाली असेल म्हणून त्यांनी हळूच दार उघडलं. सीट रिकामी होती.

“ताई कुठाय?”

“आल्याच नाहीत अजून. त्यांचे दीर तेवढे आले.” बायको तळहात ओढणीला पुसत होती. “भिजलेली गादी फेकायची म्हणत होते. गुंडाळून, दोरीने बांधून आणलेली. त्यांच्या गाडीत चढवायची तर एकट्याला उचलेना, दारातच अडकून बसले. ते गेल्याशिवाय ताई बाहेर येणार कशा? शेवटी दुसरी बाजू मीच धरली.”