मावशींचा हात

एसटीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी चंद्रकला घुगे गाडी स्वतःच्या हातानेच चालवत. महामार्गावरच्या बाकी साऱ्या गाड्या आता आपापल्या चालत आणि धावता धावता एकमेकींशी बोलत. टोलनाक्यापासून पंपापर्यंत सगळे चंद्रकलाबाईंना मावशी म्हणत.

आज परवाना तपासणारे ढमाले शेजारी बसले होते. महामार्गाच्या रहदारीत नीट शिरता आलं तर परवाना राहणार, नाहीतर स्टिअरिंग कायमचं सुटणार.

जोडरस्त्यावर मावशींनी वेग वाढवला आणि आरशात पाहिलं. मागून ट्रक येत होता. इंडिकेटर द्यायचं राहूनच गेलं. जुन्या सवयीने त्यांनी खिडकीतून उजवा हात बाहेर काढला आणि पंजा हलवला.

"मावशी, हात कुणाला करताय?" ढमाले म्हणाले. "त्या ट्रकमध्ये माणूसच नाही."

"नसू दे. वाट हवी तर मागायला नको का?"

ट्रकचा वेग उतरला. मावशी अलगद रांगेत शिरल्या आणि हात उंचावून त्यांनी ट्रकचे आभारही मानले.

चूक नोंदवायला ढमाल्यांनी पेन काढलं. मांडीवरच्या पडद्यावर गाड्यांचं आपसातलं बोलणं उमटत होतं. त्या ट्रकने मागच्या सगळ्यांना कळवलं होतं, "मावशींनी हात केलाय. सावकाश या."

ढमाल्यांनी ते दोनदा वाचलं. मग 'इशारा दिला का?' या प्रश्नासमोर त्यांनी लिहिलं, "दिला. पोचलाही."