गॅरेजमधले अकीक

“तौनो! इकडे ये. आधी इकडे ये!”

जमीन घासायचं यंत्र बंद करून आयली ओरडली. तौनो दारातच उभा होता, हातात कॉफीचा कप. पण आत आला नाही.

गॅरेजच्या या जमिनीवरून नवराबायकोचं उन्हाळाभर वाजत होतं. सुपीरियर सरोवराच्या काठी हिवाळा लांबतो. रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि बर्फ चाकांना चिकटून गाडीबरोबर आत येतं. त्या मिठाने काँक्रीट खाल्लं होतं. पोपडे निघाले होते, खड्डे पडले होते. मागच्या हिवाळ्यात आयली तिथेच घसरली आणि मनगट मोडून बसली. तेव्हा वर काहीतरी टिकाऊ घालायचं, इथपर्यंत दोघांचं जमलं. पुढे जमेना. तिला रबराच्या करड्या फरश्या हव्या होत्या, पायाला गार लागत नाहीत म्हणून. त्याला रंगाचा जाड थर हवा होता, तोही पिवळा.

“कसला पिवळा?”

“पिवळा धमक. उठून दिसला पाहिजे.”

“गॅरेज आहे की शाळेची बस?”

पूर्वीचा तौनो यावर खो खो हसला असता. या तौनोने तोंड फिरवलं.

बर्फ वितळल्यापासून त्याचं हे असंच चाललं होतं. ती बोलायला लागली की याची मान वळलीच. खिडकीकडे, भिंतीकडे, कुठेही; तिच्याकडे तेवढी नाही. गुडघ्याचं निमित्त सांगून त्याने गाडी चालवणंही सोडलं होतं. आज यंत्र भाड्याने आणलं, तर म्हणाला, “तूच चालव.” हे गॅरेज ज्याने स्वतः बांधलं, ओढ्यापलीकडची खडी वाहून आणून ही जमीन ज्याने स्वतः ओतली, तो माणूस! परवाच आयलीने थंडर बे गावी राहणाऱ्या आपल्या बहिणीला फोन लावला होता. “तुझी वरची खोली रिकामी आहे का गं?” तौनोला अजून सांगितलं नव्हतं. जमिनीचं काम उरकलं की सांगणार होती.

धूळ बसली. तिने ओलं फडकं जमिनीवर पुन्हा एकदा फिरवलं. नाही, भास नव्हता.

खराब झालेला थर उतरला होता आणि खालची खडी मधोमध कापली गेली होती. करड्या-काळ्या दगडांमध्ये जागोजाग तांबडे दगड. अकीक! पाणी लागलं तसे ते आतून पेटल्यासारखे दिसायला लागले. रेघेच्या आत रेघ, तिच्या आत आणखी रेघ. मधाच्या रंगाची, रक्ताच्या रंगाची, दुधाच्या रंगाची. लग्नाआधी दोघं रविवार-रविवार सरोवराच्या काठी वाकून अकीक शोधायची. नखाएवढा सापडला तरी दिवस सार्थकी लागायचा. इथे अंड्याएवढे होते. या किनाऱ्यावर लाव्हा वाहिला त्या काळातले. झाड नव्हतं, पाखरू नव्हतं, माणसाचा तर पत्ताच नव्हता. आणि त्यांच्यावर हे दोघं इतकी वर्षं बूट आपटत होते, तेल सांडत होते.

आयली गुडघ्यांवर बसली. तिचा आवाज चर्चमध्येसुद्धा कधी इतका खाली गेला नव्हता.

“तौनो, अकीक आहेत रे. सगळीकडे. आपल्या जमिनीत.”

तो भिंत धरून आत आला. कप फळीवर ठेवला. खाली बघितलं, डोळे बारीक केले. मग सावकाश मान वळवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आयलीच्या डोक्यात सणक गेली. “आतासुद्धा? माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस. हे तरी बघ!”

“बघतोय.” त्याचं तोंड भिंतीकडेच होतं आणि गाल ओले झाले होते. “तुझ्या गुडघ्यापाशी मोठा आहे एक. त्याच्या भोवतीनं पांढरी रेघ आहे.”

तिने खाली पाहिलं. होता.

“समोर बघितलं की मधोमध नुसता धुरकट डाग दिसतो, आयली. डॉक्टर म्हणाले, मधली नजर गेली ती गेली. कडेकडेची तेवढी राहील. मान वळवली तरच दिसतं मला.” त्याने गाल पुसले. “पिवळं असतं तर वाट सापडली असती. तुला सांगायचा धीर झाला नाही.”

आयलीने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली, “मग पिवळाच घालू.”

“खबरदार! यावर रंग घालशील तर! वरून काचेसारखा आरपार थर देऊ, घसरू नये म्हणून बारीक वाळू टाकून. मी भिंत धरून चालेन.”

ती उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याची मान पुन्हा वळली.

“केसांत धूळ गेलीय तुझ्या,” खिडकीकडे तोंड करून तौनो म्हणाला.