जाळीतून एचडी

पंचावन्न इंची पडदा.

छपरावर तबकडी, आभाळाकडे आ वासून.

खिडकीखाली बाटल्यांचं उपडं क्रेट.

सोललेली कोंबडी.

सासू बसली असेल त्या खोलीत जावयाने पाऊल टाकू नये.

क्रेटवर काबासो बसला होता. घर त्याचं. खिडकी त्याची, खिडकीची डासांची जाळी त्याची, आत भिंतीवर टांगलेला टीव्हीही त्याचाच. तो बाहेर होता, कारण आत सासूबाई होत्या.

टीव्ही घेताना त्याने केला तेवढा विचार लग्न करतानाही केला नव्हता. कित्येक महिने तो घरून, लुआन्शाहून, किटवे शहराला खेपा घालत होता, दुकानातल्या पडद्यांना नाक लावून बघत होता. डिकोडर साधा की एचडी, तबकडी लहान की मोठी, पॅकेज सिनेमांचं की फुटबॉलचं. शेवटी विक्रेता म्हणाला, "साहेब, मैदानातलं गवत मोजता येईल." काबासोने गवतापायी खिसा रिकामा केला. आता ते गवत त्याला जाळीतून दिसायचं, बारीक बारीक चौकोनांत.

सासूबाई आल्या होत्या लेकीच्या, त्याच्या बायकोच्या, मलामाच्या बाळंतपणाला. बाळ आता रांगत होतं. सासूबाई मात्र बसल्या जागेवरून हलल्या नव्हत्या.

जावयाशी थेट बोलायचं नसतं, म्हणून त्या लेकीशी बोलायच्या, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "तुझ्या नवऱ्याला सांग, तो खिडकीत उभा राहिला की माझा उजेड अडतो."

यावर उपाय एकच होता. जावयाला आत घेण्याचा विधी. बायकोकडच्यांनी चटई अंथरायची, न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि कोंबडी वाढायची, सासूने जावयाचे हात धुऊन पहिला घास भरवायचा. की झाला तो घरचा. मग समोरासमोर बसा, बोला, भांडा. पण तो दिवस ठरवायचा मलामाच्या मामाने. आणि मुबांगा मामा पाच वर्षं एकच सांगत होता, "जावई आंब्यासारखा असतो. पिकला की वास येतो. मला अजून आला नाही."

काबासोने मामाच्या छपराचे पत्रे बदलून दिले. सायकल दिली. वास येईना.

आणि आज आफ्रिका चषकाचा उपांत्य सामना होता, आपल्या संघाचा. मामाच्या घरी जुना डबा, त्यात चेंडू दिसत नाही. म्हणून मामा पिकअप भरून माणसं घेऊन इथे आला. काबासोने पाहुण्यांच्या खुर्च्या उतरवल्या, पेयांचं खोकं उतरवलं, सगळं दारापर्यंत नेऊन दिलं आणि आपल्या क्रेटवर येऊन बसला.

मलामाने टीव्ही लावला. पडदा काळा. मधोमध दोन शब्द: सिग्नल नाही.

"मागची वायर बघ गं, काळी," काबासो जाळीतून म्हणाला.

"सगळ्याच काळ्या आहेत."

"जाड असेल ती."

मामा कंबरेवर हात ठेवून उठला, तशा सासूबाई म्हणाल्या, "कुणी हात लावायचा नाही. ज्याने आणलाय तो बघेल."

"तो आत कसा येणार, ताई?"

"मला काय विचारतोस? मामा तू आहेस."

शेजारच्या घरातून राष्ट्रगीत ऐकू यायला लागलं. मामाने काळ्या पडद्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मग मान वर करून नाकाने एक लांब श्वास घेतला.

"येतोय," तो म्हणाला. "वास येतोय. चटई आणा."

पाच वर्षं कच्चा राहिलेला जावई राष्ट्रगीत संपायच्या आत पिकला. सामन्यासाठी शिजवलेली कोंबडी विधीला लागली. काबासो मान खाली घालून आत आला, चटईवर बसला.

"गाणी मागाहून म्हणा," मामा म्हणाला.

"गाणी आत्ताच," सासूबाई म्हणाल्या. "आणि सगळी."

बायका गायला लागल्या. शेजारी पंचाची शिट्टी वाजली. मामा कोचावर तव्यावर बसल्यासारखा बसला होता. सासूबाई काबासोचे हात धूत होत्या, एकेक बोट सुटं करून, सावकाश, सामना पुढच्या महिन्यात असल्यासारखा. मग त्यांनी न्शिमाचा घास त्याच्या तोंडाशी धरला. त्याने प्रथमच त्यांचा चेहरा जवळून पाहिला. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती, मलामाच्या आहे तशीच. पाच वर्षांत त्याला हे माहीत नव्हतं.

"आता चावतोस की तो पण सामन्यानंतर?" सासूबाई त्याला म्हणाल्या. थेट त्याला.

शेजारच्या घरात कुणीतरी हाय खाल्ल्यासारखं ओरडलं.

काबासो टीव्हीच्या मागे गेला. जाड वायर नुसती लोंबत होती. त्याने ती फिरवून घट्ट केली आणि भिंतभर हिरवं गवत उगवलं. आपला संघ एका गोलने मागे होता. मामाने कोचावर सरकून त्याला शेजारी जागा दिली आणि सगळ्यांना सांगितलं की पिकलेलं फळ आपल्याला लांबूनच कळतं. काबासोने मान डोलावली. तबकडी बसवून गेलेल्या कारागिराच्या ढिल्या हातांना त्याने मनातल्या मनात दुवा दिला.

सामन्याआधी मामाची पिकअप फाटकाशी लागली आणि सगळे तिच्याकडे बाहेर धावले, तेव्हा ती वायर चांगली घट्ट बसलेली होती. सोडवायला सासूबाईंना दोन्ही हात लावावे लागले.