प्लास्टरची देवी

सिनेमाचा कलादिग्दर्शक झालेल्या जालिंदरने चौसष्ट साली म्हसवडजवळ, आपल्याच गावच्या माळावर, बांबू-गोणपाटाचं देऊळ उभारलं आणि स्वतः घडवलेली प्लास्टरची देवी आत बसवली. सेट आहे हे ठाऊक असूनही आठवड्याभरात गाव तिथं नारळ फोडू लागलं. पाटील तर रोज सकाळी लोटांगण घालत.

शूटिंग संपलं त्या दिवशी लेकाचं काम बघायला बाळाबाई आली. ती पायरी चढणार तोच पाटील ओरडले, "ए म्हातारे, तितंच थांब! बौद्ध झालीस म्हून देवळात शिरतीस व्हय?"

जालिंदरचं टाळकं सणकलं. "पाटील, आठ दिस तिच्याच पाया पडताय तुमी. देवीला तोंड माझ्या आयचं दिलंय मी."

पाटलांनी आत बघितलं, मग म्हातारीकडं बघितलं. तेच रुंद कपाळ, तेच बसकं नाक.

जालिंदरला वाटलं, आय सुखावली असेल. पण बाळाबाई त्याच्यावरच कडाडली, "माझं तोंड चालतंय यास्नी, मी न्हाई! काढ रं ते तितनं, आत्ताच्या आत्ता."