माजघरातली ज्वारी

खामगावच्या इंद्रभाननं माजघर एका अडत्याला ज्वारी ठेवायला भाड्यानं दिलं होतं. त्यातच थोरलीला सरकारी नोकरीतलं स्थळ सांगून आलं. "लोकाची पोती झाका तरी," बायको तानुबाई म्हणाली.

"राहू दे वं. त्याच्यानंच वजन वाढते आपलं."

पाहुणे पोत्यांकडे टकमक पाहू लागले, तशी यानं मिशी कुरवाळली. "सारी घरचीच हाय. ठेवाले जागा पुरत नाही." मुलाच्या बापानं तिथंच पसंती दिली. पेठेत आपल्यासारखा हुशार दुसरा नाही, असं मनाशी ठरवून इंद्रभाननं पेढा तोंडात टाकला.



होणारा जावई अदबीनं म्हणाला, "मामाजी, मी शेतकऱ्यांच्या धान्यावरच्या सरकारी लेव्ही वसुलीवर आहो. एवढ्या ज्वारीतला सरकारचा हिस्सा कधी घालता?"