मयताशी नातं

"मयताशी नातं?" खिडकीच्या आतल्या कारकुनाने विचारलं.

"माझ्या नवऱ्याची बायको," ती म्हणाली.

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मागे रांगेतला माणूस खोकल्याचं निमित्त करून हसला. हसू दे मेल्याला, असं मनात म्हणून ती तशीच ताठ उभी राहिली.

"म्हणजे पहिली बायको," कारकून जरा सावरून म्हणाला. "मग ते स्वतः कुठे आहेत?"

नवरा मागे जिन्याखालच्या बाकावर बसला होता. मांडीवर घराच्या कागदांची पिशवी. खरेदीखत, मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, सगळं काही त्या पिशवीत होतं. नव्हता फक्त पहिलीच्या मृत्यूचा दाखला; तो कुठेतरी गहाळ झाला, असं नवरा म्हणे. घर त्या दोघांच्या नावावर, तेव्हा दाखला लावून तिचं नाव कमी केल्याशिवाय विक्रीचं गाडं पुढे सरकणार नव्हतं. घेणाऱ्यांना दुसरं एक घर पसंत पडलं होतं. आज संध्याकाळपर्यंत दाखला दाखवा, नाहीतर आम्ही मोकळे, असं त्यांनी सकाळीच कळवलं होतं. आणि नवऱ्याने काय करावं? अर्जाखाली सही ठोकली नि कागद तिच्या हातात दिला. "तूच जा. मला नाही रांगेत उभं राहवत." सिनेमाच्या तिकिटासाठी हाच माणूस तासभर उभा राहायचा.

"सही आहे यांची खाली," ती कारकुनाला म्हणाली. "बाकीचं मी सांगते."

"मृत्यूची तारीख?"

तिने सांगितली. दवाखान्याचं नाव सांगितलं. वय सांगितलं. पहिलीच्या आईचं नाव विचारलं, तेही सांगितलं. कुठे म्हणून अडखळली नाही.

"बरंच पाठ आहे हो तुमचं," कारकून म्हणाला. "लोक इथे येऊन सख्ख्या आईची तारीख आठवत बसतात."

पाठ नसायला काय झालं? इतकी वर्षं ती त्या बाईबरोबरच तर राहत होती. विजेचं बिल अजून पहिलीच्या नावाने यायचं. बदलून घ्या म्हटलं, तर नवरा म्हणे, "राहून गेलं." पहिली उंच होती, म्हणून स्वयंपाकघरातली फळी उंच. साखरेचा डबा काढायचा तर हिने स्टुलावर चढायचं. फळी खाली घ्या म्हटलं, तर "राहू दे, गिलावा पडेल." भाजी बिघडली तरी नवरा कधी नाव ठेवत नसे. नुसता दोन घास खाऊन गप्प होई, आणि त्या गप्प होण्यानेच तिचा जळफळाट होई. नातेवाईक तिला पाठीमागे 'दुसरी' म्हणत आणि तोंडावर पहिलीचे गोडवे गात. मेल्या म्हशीला मणभर दूध! जिवंत सवत असती तर दोन हात केले असते, झिंज्या तरी उपटल्या असत्या. जी नाहीच, तिच्याशी भांडण उकरणार कसं? घर विकण्याचा धोशा म्हणून तिनेच लावला होता. एक खोली कमी मिळाली तरी चालेल, पण भिंती कोऱ्या हव्यात.

कारकुनाने कपाटातून एक जाड नोंदवही ओढून काढली. थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही सापडली. पण दाखला काही नेलेला दिसत नाही."

"नेलाय ना यांनी. नंतर गहाळ झाला."

"नाही हो ताई. नेला की या रकान्यात सही असते. हा बघा, कोरा. पहिली प्रत आम्ही फुकट देतो, तीसुद्धा न्यायला कुणी आलं नाही." त्याने वही तिच्याकडे फिरवली.

एका बाजूला पहिलीचं नाव आणि तारीख. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिने ती ओळ दोनदा वाचली.

मग ती मागे वळली. नवरा खिडकीकडे बघत नव्हता. कागदांची पिशवी छातीशी धरून तो जिन्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचे पाय बघत बसला होता. तिचं आणि त्याचं लग्न घरच्या घरी, चार माणसांत झालं होतं. दाखला तेव्हाही कुणी मागितला नव्हता. म्हणजे तो हरवलेला नव्हताच. या माणसाने तो घरात आणलाच नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्या आपण गेलो, तर हा दुसऱ्याच दिवशी या खिडकीशी येऊन उभा राहील, रांगेत, निमूट. तिचे डोळे भरून आले, आणि भरून आले म्हणून तिला आणखीच राग आला.

"इथे सही करा," कारकून म्हणाला.

तिने कोऱ्या रकान्यात सही केली. पेन इतकं दाबलं, की कागद फाटायचाच बाकी होता.

"प्रती किती काढू? घराच्या कामाला एक पुरते."

"दोन काढा."

"दुसरी कशाला? उगाच पैसे जातील तुमचे."

"जाऊ देत," ती म्हणाली. "एक घर घेणाऱ्यांना द्यायचीय. एक माझ्या नवऱ्याला."