मरियेचं नाक

"कुलूप मी उघडीन आणि मीच लावीन. किल्ली काही तुमच्या हातात मिळायची नाही," बेनिल्देबाईंनी बजावलं आणि चर्चचं जड दार खांद्यानं ढकललं.

"नको मला किल्ली," संग्रहालयाचा ओक्तावियो म्हणाला. "मी आलोय ते—"

"संग्रहालयवाले कशाला येतात ते ठाऊक आहे. बघा आणि निघा."

गावात आता अकरा माणसं उरली होती आणि चर्चची किल्ली तीस वर्षं बाईंच्याच एप्रनच्या खिशात होती. ओक्तावियो बॅटरीच्या झोतात खांबांवरचं कोरीवकाम बघत चालला. शेपट्या गुंतलेले सिंह, ओझ्याखाली वाकलेला माणूस, वीणा वाजवणारं गाढव. बाईंचं लक्ष मात्र त्याच्या पायांकडे होतं. पाय उत्तरेच्या भिंतीकडे वळले तशा त्या लगबगीनं मागोमाग गेल्या.

तिथल्या शिळेवर येशूची आई मरिया आणि तिची नातलग एलिझाबेथ गळाभेट घेत होत्या. ती शिळा नकली होती. एकोणीस वर्षांपूर्वी आसपासच्या चर्चांमधून मूर्ती चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा बाईंच्या नवऱ्यानं, सातुरियो पाथरवटानं, तशीच दुसरी कोरून तिथे बसवली आणि जुनी घरी पलंगाखाली लपवली. पुढे सांगायचं तरी कुणाला? पाद्री बदलत गेले, सातुरियोही वारला. बिल्बाओ शहरात राहणारी लेक माझ्याकडे राहायला ये म्हणून रडकुंडीला आली, पण शिळा सोडून बाई हलल्या नाहीत. आता हे उघडकीला आलं तर मेलेला नवरा चोर ठरणार होता.

ओक्तावियोनं पाकिटातून एक जुना फोटो काढला. फोटो बघितला, भिंत बघितली.

"फोटोत मरियेला नाक नाही," तो म्हणाला. "इथे आहे."

ते नाक शेकडो वर्षांपूर्वी कधीतरी तुटलेलं. सातुरियोनं बाकी सगळं हुबेहूब उतरवलं, पण देवाच्या आईला नकटी कोरायला त्याचा हात धजेना. त्यावरून बाई त्याच्याशी कडाकडा भांडल्या होत्या.

"उगवलं असेल," बाई म्हणाल्या. "चर्च आहे, इथे काय होत नाही."

तो हसला नाही. त्यानं शिळेच्या कडेवरून बोट फिरवलं.

"ही कुणी बसवली, बाई?"

बाई बाकावर बसल्या.

"माझ्या नवऱ्यानं. पण चोर नव्हता तो. खरी माझ्या पलंगाखाली आहे, एक टवकाही उडालेला नाही. हवी तर घेऊन जा, पण त्याचं नाव खराब करू नका."

ओक्तावियो त्यांच्या शेजारी येऊन बसला.

"बाई, सहासष्ट साली छप्पर दुरुस्त करायला हे चर्च बंद होतं, तेव्हा आमच्या माणसांनी खरी शिळा नेली आणि नक्कल बसवली, ती तुमच्या पलंगाखाली आहे," तो म्हणाला. "खरी परत द्यायला आणलीय, बाहेर गाडीत आहे."